राखाडी अस्तर

१

लग्नाच्या पाकिटातून मरणाचं अस्तर निघालं, आणि ते पाकीट घेऊन वकीलीणबाई सकाळीच कामाच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत, पाणी पुढे केलं तर त्याकडे बघितलंही नाही.

"थोरल्या बाई, हे तुमच्याच घरचं ना?"

थोरल्या बाई खिडकीजवळच्या पहिल्या टेबलाशी बसल्या होत्या. अंगावरची शाल दोन्ही हातांवर ओढलेली. हल्ली ऊन असो नसो, शाल हातांवर असायचीच. पाकीट घ्यायला त्यांनी हात पुढे केला नाही.

"टेबलावर ठेवा. मला दुरूनही दिसतं."

वकीलीणबाईंनी ते आपटलंच. सायीच्या रंगाचा कागद, कोपऱ्यातून वर चढत गेलेला हातानं रंगवलेला वेल, वेलाला तिळाएवढी निळी फुलं. ती फुलं सुनेच्या हातची, शंकाच नको. बाईंनी शालीतून एकच बोट काढलं आणि पाकिटाची झडप उचलली. झडपेबरोबर आतलं अस्तर पाण्यासारखं वळलं आणि पाण्यासारखंच परत बसलं. काम नेटकं होतं. असल्या वेळीही बाईंच्या मनात आधी तेच आलं, रंग मागून दिसला.

अस्तर राखाडी होतं. कडेनं काळी रेघ.

तो कागद बाईंनी ओळखला नसता तरच नवल. त्यांचा मुलगा गेला तेव्हा लोकांना कळवायच्या पाकिटांसाठी त्यांनीच तो आणवला होता. ती काळी रेघ त्यांनीच बसून ओढली होती, एकेका कागदावर, डोळ्यांतून टिपूस न काढता. लोक तेव्हा म्हणाले होते, बाई दगडाची आहे.

"आमच्या व्याह्यांच्या घरी हे सगळ्यात म्हाताऱ्या आजोबांनी उघडलं," वकीलीणबाई म्हणाल्या. "आजारी माणूस. त्यांना वाटलं नवरी मुलगीच गेली. पडले खुर्चीतून. मग एकेकाचा फोन. सगळ्यांच्यात नाही, पण बऱ्याच पाकिटांत हेच निघालं. तिकडची मंडळी विचारतायत, हा निरोप समजायचा की शाप. माझी मुलगी कालपासून तोंड उघडत नाही."

"पाकिटं बंद करूनच दिली होती आम्ही. कार्ड घालून, वर सोनेरी टिकली लावून."

"म्हणूनच तर आली मी इथं. वर पत्ते लिहिण्यापलीकडे आम्ही हात लावला नाही. संध्याकाळी परत येते. मला नाव पाहिजे. नाव नाही मिळालं, तर ज्या हातानं पाकिटं केली त्याच हातानं हे केलं असं मी धरून चालेन, आणि गावात एकही दार तिला उघडं राहणार नाही याची काळजी घेईन."

"तिला" म्हणताना वकीलीणबाईंनी खोलीच्या मागच्या बाजूला पाहिलं. तिथं सून उभी होती, ब्रश पाण्याच्या वाटीत धरून. पाणी निळं झालं तरी तिला भान नव्हतं. ती पाकिटाकडे बघत नव्हती. ती सरळ थोरल्या बाईंकडे बघत होती.

आणि ती नजर घाबरलेल्या माणसाची नव्हती. ती कीव करणाऱ्या माणसाची होती.

२

कार्डं काय, कुणीही करतं. शाळेतली पोरंही करतात. पण थोरल्या बाईंचं म्हणणं असं की कार्ड दोन दिवसांनी रद्दीत जातं, पाकीट मात्र उघडताना माणसाचा हात थांबला पाहिजे. म्हणून लोक कार्ड कुठूनही आणत आणि पाकिटासाठी इथं येत. वर वेलबुट्टी, आत अस्तर, कडेला कातरकाम. या कामावर त्यांनी घर उभं केलं, नवऱ्याचं आजारपण काढलं, मुलांची लग्नं केली. शाळा त्यांना फारशी दिसली नाही, पण त्यांच्या टेबलावर चूक दिसली नाही ती नाहीच.

वकीलीणबाईंचं काम आलं तेव्हा त्यांनी जेवताना सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं. "वेलापासून अस्तरापर्यंत सगळं सुनेनं करायचं. बिनबोभाट पार पडलं तर पहिलं टेबल तिचं. मी मागं सरते."

लेकीचा घास हातातच राहिला होता. जावई हसले होते. चहाचा कप घेऊन दाराशी टेकलेला मापाड्या म्हणाला होता, "बाई, तुम्ही मागं सरणार म्हणजे सूर्य उगवायचा विसरणार." आणि सून काहीच बोलली नव्हती. ती कधीच काही बोलत नसे. नवरा गेल्यापासून तिच्या वाटणीचं बोलणंही त्याच्याबरोबर गेलं होतं. या घरात तिचं जे काय होतं ते कामापुरतं होतं; काम गेलं की घरही गेलं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

वकीलीणबाई गेल्यावर बाईंनी आधी बोलावलं ते मापाड्याला. हा कागद कापणारा. खिशात कायम पोलादी पट्टी. पाव खातानाही आधी मापून घेतो अशी त्याची चेष्टा व्हायची, म्हणून मापाड्या. सून टेबलावर आली तर जुनं कटिंग मशीन विकून कापाई बाहेरून करून घेईल, असं तो दारोदार बोलून आला होता.

"माझ्यावर संशय, बाई?"

"कापणाऱ्याला नाही विचारायचं तर काय पोस्टमनला विचारू? अस्तर कुणी कापलं सांग."

मापाड्यानं राखाडी अस्तर खिडकीपाशी धरलं. मग शेल्फावरचं एक चांगलं अस्तर घेतलं, वेलाच्या पाकिटांसाठी कापलेलं, आणि दोन्ही कडा बाईंच्या नाकासमोर आणल्या.

"मशीनच्या पात्याला दात पडलाय. कापलेल्या प्रत्येक कागदाच्या कडेला केसाएवढा ओरखडा येतो. त्यावरून तुम्ही मला रोज ओव्या ऐकवता. हा बघा चांगल्यावर. राखाडीवर आहे का? नाही. हे कात्रीचं काम आहे, बाई, आणि सुंदर कात्री आहे."

"कात्री तूही धरू शकतोस."

त्यानं उजवा हात वर केला. दोन बोटांच्या जागी नुसती थोटकं. ती मशीननं कधीच खाल्ली होती.

"कात्रीच्या भोकात घालायला तुमची बोटं उसनी द्याल का?" तो म्हणाला. "आणि एक विचारू? इतकी सरळ कात्री या घरात बायकाच चालवतात. घरात बायका तीन. मग बाहेर कशाला शोधताय?"

३

जावई दोन घरं सोडून राहायचे. पाकिटांचे खोके नेहमी आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे जायचे आणि सकाळी त्यांच्याच गाडीतून गिऱ्हाइकाकडे. माणूस विनोदी, आणि विनोदी माणसाचा बाईंना मनापासून कंटाळा.

"जावईबापू, खोके रात्री तुमच्याकडे होते."

"होते. पण पळून गेले नाहीत. मोजून दिले."

"उघडले कुणी?"

"मी उघडेन? आई, मला पाकीट नीट चिकटवता आलं असतं तर तुमच्या मुलीनं मला कधीच पगाराशिवाय कामाला बसवलं असतं." त्यांनी तळवे दाखवले, नेहमीसारखे घामानं ओले. या माणसानं लग्नात दिलेल्या कागदी हारावरही डाग पाडले होते. राखाडी अस्तरावर घामाचा ठिपका सोडा, बोटाचा वाससुद्धा नव्हता.

"त्या संध्याकाळी तुमच्याकडे कोण आलं गेलं?"

"तुमची सून आली होती. एक पुडकं इथंच राहिलं होतं ते द्यायला. दारातूनच गेली, चहाही नको म्हणाली. बाकी आम्ही घरचीच. ही म्हणाली खोक्यांच्या दोऱ्या सैल आहेत, तिनं पुन्हा आवळून बांधल्या. मी आपला क्रिकेट बघत होतो." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आई, राग नका मानू. पण बोलू? नवरा गेलेल्या बाईनं दिवसभर लोकांच्या लग्नाचे वेल रंगवायचे म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"काही नाही. माझं आपलं एक."

बाईंनी शेल्फ बघितलं. सून पाकिटं नेहमी थोडी जास्तीची रंगवायची. एखादं खराब झालं तर हाताशी असावं म्हणून. तो जास्तीचा गठ्ठा शेल्फावरून गेला होता. त्याच्याबरोबरची सोनेरी टिकल्यांची डबीही अर्धी रिकामी होती. म्हणजे भरलेली पाकिटं कुणी उघडली नव्हती. जास्तीच्या पाकिटांना राखाडी अस्तर लावलं, आत उरलेली जास्तीची कार्डं घातली आणि खोक्यात अदलाबदल केली. शांतपणे बसून, चवीनं केलेलं काम.

रागात केलेलं नव्हे. रागातला माणूस इतकं नेटकं करत नाही.

४

लेक आली ती पदार्थ चाखायला आल्यासारखी, तोंडावर गोडवा ठेवून. सगळे तिला ताई म्हणत, बाईसुद्धा.

"मी काय बोलू, आई? बोलले तर म्हणशील नणंद आहे, गप्प बसले तर म्हणशील काळजी नाही."

"तू बोल. काय म्हणायचं ते मी ठरवेन."

ताई सुनेच्याच स्टुलावर बसली. सून मागच्या अंगणात रंगाच्या वाट्या धूत होती, वाट्यांचा आवाज आत येत होता.

"तो राखाडी कागद कुठं असतो? वहिनीच्या कपाटात. दादा गेल्यापासून तिनं त्याच्यावर माशी बसू दिलेली नाही. मी एकदा नुसता हलवला तर दिवसभर तोंड फिरवून होती. मग तो बाहेर आला कसा? कपाटाला कुलूप नाही हे खरं, पण त्यात हात कोण घालतं?" बोलता बोलता तिनं समोरचं एक कोरं पाकीट ओढलं. चाळा म्हणून अस्तराचा कागद घेतला, पाकिटात सरकवला, झडप मिटली, घडीवरून नख फिरवलं, मग झडप उघडून अस्तराच्या टोकाला खळीचं बोट लावलं आणि दाबून टाकलं. हातांना काम लागतं, तोंड काय करतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. "आणि तू तिला परवा चारचौघांत बोललीस. अस्तराला सुरकुत्या आहेत म्हणून. मापाड्या हसला, हे हसले. मनाला लागलं असेल. कडू झालेलं मन, आई. दुसऱ्याच्या लग्नात कडूपणा सांडला."

"तू हसली नाहीस?"

"मी कशाला हसू. मला वाईट वाटलं."

बाईंनी मान डोलावली. ताईचा तो चाळ्यातला नमुना टेबलावरच राहिला. ती गेल्यावर बाईंनी तो शालीखाली घेतला. का घेतला, हे त्यांना तेव्हा सांगता आलं नसतं.

मग त्यांनी सुनेला बोलावलं आणि तिचं कपाट उघडायला सांगितलं. ताई, जावई, मापाड्या दारात जमा झालेच. तमाशाला कुणाला आमंत्रण लागत नाही. सुनेनं कपाट उघडलं. राखाडी कागदाचा गठ्ठा मऊ कापडात गुंडाळलेला होता, पण सैल. वजन कमी झालेल्या माणसाच्या कपड्यासारखा.

"कमी झालेत," बाई म्हणाल्या.

"हो."

"तुला माहीत होतं?"

"खोके गेले त्या दिवशी कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

सुनेनं कापड परत नीट गुंडाळलं. "बोलून काय झालं असतं, आई? माझी बॅग भरलेली आहे. संध्याकाळी वकीलीणबाई आल्या की माझं नाव सांगा. मी जाते."

दारातून ताईचा सुस्कारा आला. "बघ. मी म्हटलं नव्हतं?"

५

सगळ्यांना हाकलून बाईंनी दार लावून घेतलं. समोर दोन पाकिटं. एक वकीलीणबाईंनी आपटलेलं राखाडी, एक शेल्फावरचं नमुन्याचं, सुनेनंच आतून गुलाबी अस्तर लावलेलं. बोटानं त्यांनी दोन्ही झडपा उघडल्या, मिटल्या, उघडल्या.

गुलाबीच्या घडीवर सुरकुती होती. म्हाताऱ्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात पडते तशी. सुनेच्या प्रत्येक अस्तराला ती पडायची. बाई म्हणायच्या, "तुझं अस्तर जन्मालाच म्हातारं येतं." बिचारीनं काय काय केलं होतं. खळ पातळ केली, घट्ट केली, कागद बदलला, वर इस्त्री फिरवली. सुरकुती गेली नाही.

राखाडीच्या घडीवर काही नव्हतं. झडप वळली की अस्तर तिच्याबरोबर वळायचं, जसं काही एकाच कागदाचं.

सकाळी पाकीट पहिल्यांदा उघडलं तेव्हाच हे त्यांना दिसलं होतं. दिसलं होतं आणि आवडलंही होतं, आणि आवडलं म्हणूनच त्याचा अर्थ कळला नव्हता.

अस्तराची सगळी गोम एकाच गोष्टीत होती. आधी अस्तर नुसतं सरकवायचं, झडप मिटायची, घडी पाडायची, आणि मग झडप उघडून फक्त टोकाला खळ लावायची. सुनेसारखी आधी खळ लावून मग झडप मिटली, तर आतला कागद अडकून बसतो, आणि घडीवर त्याला जागा मिळाली नाही की सुरकुततो. एवढंच. सांगायला एक वाक्य. ते बाईंनी लेकीला ती टेबलाएवढी होती तेव्हा शिकवलं, चुकली की बोटांवर पट्टी मारून. सुनेला शिकवलं नाही. घरची विद्या घरात राहावी, आणि सून घरातली कधी धरली नव्हती. उलट ताईला ताकीद होती, वहिनीच्या देखत अस्तराला हात लावायचा नाही. सुनेनं सुरकुत्या पाडायच्या आणि बाईंनी त्या दाखवायच्या, हे इतकी वर्षं सुखानं चाललं होतं.

म्हणजे राखाडी अस्तर सुनेच्या हातचं असूच शकत नव्हतं. तिला येतच नव्हतं ते. तिला येत नव्हतं कारण बाईंनी येऊ दिलं नव्हतं. ज्या खोडीनं तिला खाली ठेवलं, तीच खोड आज तिची साक्षीदार झाली होती.

असं अस्तर लावणारे हात जगात दोनच जणींचे. बाईंनी शालीतून आपले हात बाहेर काढले आणि टेबलावर ठेवले. ते थरथरत होते. वर्ष झालं असेल थरथरायला लागून, आणि कुणाला कळू दिलं नव्हतं. या हातांनी आता पाण्याचा पेला धड धरवत नव्हता, राखाडी कागदाची कात्रीची कड तर दूरच. म्हणून तर टेबल सोडायचं होतं.

दोनांतून एक गेली. उरली ती...

बाईंनी तिचं नाव मनातही घेतलं नाही. त्यांनी सुनेला हाक मारली.

"तू कुणाला वाचवतेस?"

सून दाराशीच उभी राहिली. म्हणाली, "तुम्हाला."

"मला?"

"सकाळी तुम्ही झडप उचललीत तेव्हा घडी बघितली ना मी. इतकी गुळगुळीत घडी तुमच्याखेरीज कुणाची येते? मला वाटलं, तुम्हीच. टेबल देते म्हणालात आणि मग पस्तावलात. तोंडानं परत घेता येईना, म्हणून असं." तिचा आवाज चढला नाही. "मला नवल नाही वाटलं, आई. वाईट एवढंच वाटलं की तुमच्या मुलाचा कागद वापरलात. दुसरा कुठला वापरायचा होतात."

बाईंना आजवर पुष्कळ लोक पुष्कळ काही बोलले होते. पण असं शांतपणे, कसलाही आरोप न करता, त्यांना कुणी इतकं खाली टाकलं नव्हतं. त्यांनी नुसते हात वर उचलले, तिच्यासमोर धरले. ते पिंपळाच्या पानासारखे हलत होते.

सुनेनं ते हात पाहिले. तिला समजलं. पण पुढे होऊन तिनं ते हातात घेतले नाहीत.

"मग कोण?" तिनं विचारलं.

"संध्याकाळी इथंच थांब," बाई म्हणाल्या. "आणि मी सांगेन तेवढंच कर."

६

संध्याकाळी वकीलीणबाई आल्या आणि या वेळी बसल्या. बाईंनी पहिल्या टेबलावर दोन कोरी पाकिटं, दोन अस्तरं आणि मधे खळीची वाटी मांडून ठेवली होती.

"नाव?" वकीलीणबाई म्हणाल्या.

"आधी नाटक बघा, मग नाव. ताई, इकडे बैस. सूनबाई, तू इकडे. दोघींनी एकेक अस्तर लावायचं. माझ्या देखत."

"हे काय नवीन?" ताई हसली. "मी आता खोके बांधते फक्त, आई."

"हातांना विसर पडत नाही. बैस."

सुनेनं नेहमीसारखं केलं. अस्तर सरकवलं, खळ लावली, दाबलं, झडप मिटली. घडीवर सुरकुती आली ती आलीच. तिनं मान खाली घातली.

ताईनं अस्तर सरकवलं. झडप मिटायला तिचं बोट पुढे गेलं, आणि अर्ध्यावर थांबलं. तिनं आईकडे पाहिलं. मग वकीलीणबाईंच्या मांडीवरच्या राखाडी पाकिटाकडे पाहिलं. खोलीत मापाड्याची पट्टी खिशात वाजली तेवढाच आवाज. ताईनं बोट मागं घेतलं, खळीत बुडवलं, आधी खळ लावली, दाबली, आणि मग झडप मिटली.

सुरकुती पडली. वहिनीच्यापेक्षा मोठी.

"हे घ्या," ताई म्हणाली. "दोघींचंही सारखंच. काय सिद्ध झालं?"

बाईंनी शालीखालून सकाळचा नमुना काढला आणि त्या दोघींच्यामध्ये ठेवला. झडप उघडली. मिटली. घडी आरशासारखी.

"हे तू सकाळी लावलंस. याच स्टुलावर बसून, वहिनीच्या कडू मनाबद्दल मला सांगताना. आणि आत्ता विसरलीस? आयुष्यात तुला आधी खळ लावताना मी पाहिलं नाही, ताई. आजच का?"

ताईनं खळीचं बोट पदराला पुसलं.

"वकीलीणबाई, तुमच्या त्या पाकिटाची घडी बघा. सुरकुती आहे? नाही. माझ्या सुनेला बिनसुरकुतीचं लावता येत नाही, हे तुम्ही आत्ता पाहिलंत. येत नाही कारण मी तिला शिकवलं नाही. मला लावता येतं, पण हे बघा माझे हात." त्यांनी ते सगळ्यांसमोर काढले. मापाड्यानं मान फिरवली. "राहिली एक. तिनं आत्ता मुद्दाम वाईट लावलं. मनात चोर नसता तर नेहमीसारखं लावलं असतं."

जावयांनी बायकोकडे पाहिलं. "तू दोऱ्या आवळत होतीस म्हणालीस," ते म्हणाले, आणि त्यात पहिल्यांदाच काही विनोद नव्हता.

"आवळत होते," ताई म्हणाली. मग आईकडे वळली. "तुझं टेबल माझं होतं. बोटांवर पट्ट्या मी खाल्ल्या. आणि दिलंस कुणाला, जिला तू साधी घडीसुद्धा शिकवली नाहीस तिला. मला खोके बांधायला ठेवलंस."

"भावाचा कागद वापरलास."

"कागदच होता. जिवंत होता तेव्हा त्याला तरी कुठं इतकं जपत होतीस."

बाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. हात हलत होते, पण ते तर हलतच असत. "एक सांग. सुरकुत्या पाडून लावली असतीस तर आज ही रस्त्यावर असती आणि तू या टेबलाशी. एवढी अक्कल नव्हती?"

"होती," ताई म्हणाली. "घरी बसून तसं लावायला गेले. हात होईना. तूच केलेला आहे हा हात, आई. वाईट काम त्याला जमत नाही."

"आत्ता जमलं की."

"आत्ता घाबरले."

वकीलीणबाई उठल्या. कोर्टात निकाल लागल्यावर उठतात तशा, कुणाकडे न बघता. "ताई, तुम्ही माझ्याबरोबर चला. त्या आजोबांसमोर उभं राहून तुम्हीच सांगायचं. मी शब्द शिकवणार नाही." ताईनं आईकडे पाहिलं, आई काही म्हणेल म्हणून. आई टेबलावरच्या घड्या बघत होती. ताई गेली. मागून जावई गेले, हातातली किल्ली चाचपत, रस्ता विसरल्यासारखे.

खोलीत सून, बाई आणि मापाड्या राहिले.

"टेबल तुझं," बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं होतं हे म्हणताना जड जाईल. तसं गेलं नाही. घ्यायला सून तयारच आहे असं त्यांनी धरलं होतं म्हणून.

ताईचं झडपेवर थांबलेलं बोट सुनेनं पाहिलं होतं, बाईंचं 'आधी खळ' ऐकलं होतं. तिनं आपल्या सुरकुतलेल्या पाकिटातलं अस्तर अलगद सोलून काढलं. दुसरं घेतलं. सरकवलं, झडप मिटली, घडीवर नख फिरवलं, उघडली, टोकाला खळ. घडी गुळगुळीत आली. पहिल्याच हाताला.

"एवढंच होतं?" ती म्हणाली.

बाईंनी हात परत शालीखाली घेतले.

"त्यांना दाखवायचं होतं मला. ते म्हणायचे, आई शिकवेल, जरा थांब." ती उठली. कपाटातून राखाडी कागदाचा गठ्ठा काढला आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवला. "हा नेते. बाकी काही नको. वकीलीणबाईंसमोर माझं नाव धुतलंत, उपकार झाले. कुठेतरी काम मिळेल मला आता. अस्तर येतं म्हणता येईल."

ती गेली तेव्हा दार लावलं नाही. आपटलंही नाही. नुसतं उघडं टाकून गेली.

मापाड्या मशीनवर कापड घालत म्हणाला, "बाई, उद्या काय कापू?"

"जा तू घरी."

तो गेल्यावर बाईंनी शाल खांद्यावरून काढून बाजूला ठेवली. एक कोरं पाकीट ओढलं. अस्तर सरकवलं. झडप मिटली, घडी पाडली, उघडली. सगळं जसं पाहिजे तसं, त्याच क्रमानं, जसं त्यांनी एकीला शिकवलं आणि एकीला नाही. मग खळीचं बोट टोकाला नेलं. बोट थरथरलं, खळ घडीपर्यंत पसरली, आणि दाबताना कागद जरासा सरकला.

त्यांनी झडप मिटली आणि उघडली. घडीवर सुरकुती होती.

त्यांनी ती नखानं दाबली. पुन्हा दाबली. सुरकुती तशीच राहिली.